बारा जणांचा नाश्ता आणि तीन लिटरची काचेची डिश

दहा-बारा पाहुणे मुक्कामाला असले की सकाळी एकेक ऑम्लेट काढत उभं राहणाऱ्याच्या वाट्याला शेवटी गार चहाच येतो. त्यापेक्षा पाव, चीज आणि भाजीचे किंवा मांसाचे थर रात्रीच लावावेत, वरून अंडी-दूध ओतून डिश फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी एकदाच भाजावी. या कामासाठी ३३ × २३ सेंमीची, झाकणासकट मिळणारी बोरोसिलिकेट काचेची आयताकृती डिश (दुकानात ‘नऊ बाय तेरा’ किंवा ‘तीन लिटर’ म्हणून मागायची) कितपत चालते, ते इथे पाहू. डिश उत्तम आहे, झाकण यथातथा आहे, आणि पैसे देण्याआधी ओव्हनच्या आत मोजपट्टी लावणं सक्तीचं आहे.

कारण ३३ हे माप नुसत्या काचेच्या पोटाचं. दोन्ही कान धरले तर लांबी ३८ सेंमीच्या आसपास जाते. २८-३० लिटरच्या बऱ्याच ओटीजींत (वर-खाली रॉड असलेल्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ती आडवी बसत नाही आणि तिरकी सारली तर दार लागत नाही. ओटीजीवर छापलेल्या लिटरवरून आतली रुंदी कळत नाही. जाळी मोजा आणि डिशच्या दोन्ही अंगांना दोन-दोन सेंमी मोकळी जागा उरते का बघा. उरत नसेल तर दीड-दीड लिटरच्या दोन डिश घ्याव्यात. एकीत मांसाहारी, दुसरीत मशरूम, अशी सोयही होते. फक्त लहान ओटीजीत त्या एकामागून एक भाजाव्या लागतात, तेव्हा वेळ दुप्पट धरा.

काच कशासाठी, तर रात्रभरासाठी. टोमॅटो किंवा व्हिनेगर असलेलं सारण साध्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये दहा तास राहिलं की कडा करड्या पडतात आणि चवीला धातू लागतो. काचेला आंबटाचं काही वाटत नाही. त्यातही बोरोसिलिकेट तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून गार-गरम जास्त सोसते. पण सोसते म्हणजे काहीही सोसते असं नाही. फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये, किंवा ओव्हनमधून थेट ओल्या कडाप्प्याच्या ओट्यावर, हे दोन्ही टाळायचं. खाली लाकडी पाट ठेवा आणि उचलायला कोरडं फडकं घ्या. ओल्या फडक्याने काचेला झटका बसतो आणि वाफेने हात पोळतो. खोक्यावर नुसतं ‘टफन्ड’ (उष्णतेने कणखर केलेली काच) लिहिलं असेल तर ती बोरोसिलिकेटच असेल असं धरू नका.

आता भरायचं काय आणि किती. गोव्याचं चोरीस, म्हणजे व्हिनेगर-मसाल्यात मुरवलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, या प्रकाराला फार छान जमतं. पावाबरोबर त्याची जोडी जुनीच आहे. बारा जणांना २५० ग्रॅम चोरीस, १२ अंडी, ७०० मिली फुल क्रीम दूध, ४५० ग्रॅम लादीपाव, २०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज, तीन मध्यम कांदे आणि अर्धा चमचा मिरपूड. मीठ अर्धाच चमचा, कारण चीज आणि चोरीस दोन्ही खारट. एवढं सगळं घालून डिशला वर बोटभर जागा उरते. ती लागतेच, भाजताना मिश्रण फुगतं.

चोरीसाची साल काढून अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. पाणी आटून चरबी सुटली की चमचाभर ठेवून बाकीची काढून टाका आणि उरलेल्यात कांदा परता. चरबी काढायचा कंटाळा केला तर सकाळी प्रत्येक तुकड्याखाली लाल तेलाचं तळं असतं. सारण पूर्ण गार होऊ द्या. गरम घातलं तर त्यातल्या व्हिनेगरने दूध फाटू शकतं, शिवाय लागलेलं अंडं जागीच शिजून गुठळी होते.

ताजा लादीपाव मात्र घात करतो. तो इतका मऊ असतो की रात्रभरात तळाशी लापशी होते. अडीच सेंमीचे तुकडे करून १५० अंशांवर पंधरा मिनिटं सुकवा. बाहेरून कोरडे झाले पाहिजेत, लाल नकोत. मिश्रण ओतल्यावर तळहाताने दाबा, दहा मिनिटांनी पुन्हा दाबा. वर कोरडे राहिलेले तुकडे आधी करपतात. आठ ते बारा तास मुरणं पुरेसं, त्याहून जास्त नको.

सकाळी डिश अर्धा तास बाहेर, मग ओव्हनमध्ये. मधली जाळी, दोन्ही रॉड, १७० अंश. पहिली ३५ मिनिटं वर फॉइल घट्ट लावायची, पण ती वरच्या रॉडला टेकता कामा नये. मग फॉइल काढून आणखी २० मिनिटं. काच सावकाश तापते आणि तापली की उष्णता धरून ठेवते, म्हणून मध्य कच्चा वाटला तरी तापमान वाढवू नका, नाहीतर कडा चामड्यासारख्या होतात. वेळ वाढवा. मध्यभागी थर्मामीटरवर ७४ अंश दिसले की झालं. थर्मामीटर नसेल तर मधोमध खुपसलेली सुरी ओल्या अंड्याविना बाहेर यायला हवी. पंधरा मिनिटं थांबून कापा. वरून लाली यावी म्हणून नुसता वरचा रॉड पेटवून ग्रिल करणं काचेच्या डिशला नको.

तळाला पाणी दिसलं तर वडीचा काप निरखून बघा. अंड्यात बारीक भोकं पडलेली असतील तर ते जास्त तापलंय: ८५ अंशांच्या पुढे अंडं आक्रसतं आणि पाणी सोडतं. अंडं गुळगुळीत असून पाणी असेल तर दोष भाजीचा. मशरूम, पालक, ढोबळी मिरची आधी परतून पाणी पूर्ण आटवायचं, टोमॅटोच्या बिया काढायच्या. बटाटा कच्चा घालू नका, एवढ्या वेळात तो शिजत नाही, उकडून घाला.

झाकण प्लॅस्टिकचं, फ्रीजपुरतं. ओव्हनमध्ये चालत नाही. कडेच्या रबरात कांद्याचा वास बसतो, उकळत्या पाण्याने धुतलं तर कोपरे वाकतात आणि मग ते एका बाजूने उघडंच राहतं. रिकामी डिश दोन किलोच्या आसपास, भरली की चारच्या वर. झाकणाला धरून उचललीत तर झाकण हातात आणि नाश्ता जमिनीवर. फ्रीजमधून काढताना तळाखाली दोन्ही हात घाला.

वाढताना लाकडी किंवा नायलॉनचा उलथना वापरा; सुरीचे ओरखडे पडले की काच तिथेच कमजोर होते. घासायला तारेचा काथ्या नको. डिश पूर्ण गार झाल्यावर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून तासभर भिजवली की कडेची खरपुडी स्पंजने निघते.