वर्कस्पेसमध्ये बाहेरचं अ‍ॅप: कर्मचाऱ्याने जोडावं की अ‍ॅडमिनने?

गूगल वर्कस्पेसमध्ये (कंपन्यांसाठीच्या जीमेल, ड्राइव्ह वगैरे सेवांमध्ये) बाहेरचं अ‍ॅप जोडताना कर्मचाऱ्याला स्वतःच परवानगीचं ‘अलाउ’ बटण दाबू दिलं, तर काम झटपट होतं, कुणाची वाट पाहावी लागत नाही. पण पीडीएफ जोडणारं साधं अ‍ॅपसुद्धा अख्खं ड्राइव्ह वाचण्याची, बदलण्याची, फाइल उडवण्याची परवानगी मागू शकतं आणि घाईगडबडीत ती दिलीही जाते. मे 2017 मध्ये ‘गूगल डॉक्स’ असं नाव लावलेल्या बनावट अ‍ॅपने लोकांच्या मेल आणि कॉन्टॅक्टवर असाच ताबा मिळवला. पासवर्ड चोरावाच लागला नाही, त्यामुळे टू-स्टेप व्हेरिफिकेशनचाही (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचाही) उपयोग नव्हता.

दुसरा मार्ग अ‍ॅडमिन कन्सोलमधल्या (कंपनीची खाती सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनच्या पानावरच्या) एपीआय कंट्रोल्सचा, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपना डेटा किती द्यायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगचा: कोणतं अ‍ॅप ‘ट्रस्टेड’, कोणतं ‘लिमिटेड’, कोणतं ‘ब्लॉक्ड’, हे अ‍ॅडमिन ठरवतो. त्याचं काम वाढतं, हे खरं. विनंत्या आठवडाभर पडून राहिल्या, तर लोक खासगी जीमेलवर फाइल पाठवून काम उरकतात. ते तर जास्तच वाईट, कारण तिथलं कंपनीला काही दिसतच नाही.

तरी माझा कौल दुसऱ्यालाच. अनोळखी अ‍ॅपमध्ये नाव-ईमेलपुरतं साइन-इन चालू ठेवा आणि बाकीच्या विनंत्यांना त्याच दिवशी उत्तर द्या.