पुढून वॉटरप्रूफ, मागून देवाच्या भरवशावर : होडीतल्या स्टिरिओचे आठ महिने

ऐन नाताळच्या गर्दीत, देवबागच्या संगमाजवळ, बोटीत दहा पर्यटक बसलेले आणि गाणं कडव्याच्या मध्येच बंद. इंजिन चालू, फोन चालू, सेट मेलेला. ऑक्टोबरात बसवलेला, खोक्यावर ठळक 'आयपीएक्स ६' हा पाणीरोधाचा दर्जा लिहिलेला, साडेनऊ हजारांचा सेट अडीच महिन्यांत गेला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर हा मजकूर नुसत्या शिव्यांचा झाला असता. आता मे उजाडलाय, बोट वर ओढायची वेळ आलीय, आणि माझं मत दोनदा फिरलंय.

सेट म्हणजे मीटरसारखा गोल, तीन इंची भोकात बसणारा, ब्लूटूथवाला. सोबत साडेसहा इंची दोन स्पीकर. गाडीतला जुना सेट प्लॅस्टिकच्या डब्यात घालून वापरावा असा पहिला विचार होता, पण डब्यात घाम धरतो आणि सेट उकडून मरतो, हे शेजारच्या बोटीवर पाहिलेलं. खोक्यावरच्या २०० वॅटकडे बघूच नका. पुस्तिकेत बारीक अक्षरात दर चॅनलला, म्हणजे एकेका स्पीकरला, सलग १८ वॅट दिलेत, तेच खरे. मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाच्या आवाजात मागच्या बाकापर्यंत शब्द पोचतात, पुरे झालं. डॉल्फिन दिसले की आमच्याकडे गाणं बंदच असतं.

तर बिघाड. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सेट कुरिअर केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : 'आत क्षार आढळले, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.' दोनदा वाचलं. वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या वस्तूला पाणी लागलं म्हणून वॉरंटी नाही! फोनवर वाद घातला तेव्हा त्यांनी बोट ठेवलं यूएसबीच्या रबरी झाकणावर. म्हणे तुम्ही ते उघडं ठेवलंत.

त्या झाकणाबद्दल मला बोलायचंच आहे. नखाएवढा रबराचा तुकडा, सुतळीएवढ्या शेपटीने सेटला जोडलेला. महिनाभराच्या उन्हात तो ताठरला. दाबून बसवला तरी लाट आदळली की एका कडेने उचकटायचा, आणि दिवाळीनंतर शेपटीच तुटली. साडेनऊ हजारांच्या वस्तूचं सगळं पाणीबंद त्या शेपटीवर अवलंबून! मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिथे कोंबला. कंपनीच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणतो, बाहेरचा पार्ट लावल्यास वॉरंटी रद्द. झाकणाचे पैसे देतो, नवीन पाठवा म्हटलं. सुटं मिळत नाही, पुढची पूर्ण पट्टी घ्यावी लागेल, बावीसशे रुपये.

सेट न दुरुस्त होता परत आला. गावच्या वायरमनकडे नेला. त्याने झाकणाकडे पाहिलंसुद्धा नाही. सेट उलटा केला, मागचा प्लग हातात घेतला आणि हसला. "ह्यो फुडसून वॉटरप्रूफ आसा रे, पाठसून नाय."

पुस्तिका काढली. खरंच, आयपीएक्स ६ फक्त दर्शनी भागाला, तोही गॅस्केटसह, म्हणजे कडेच्या रबरी चकतीसह, पॅनलमध्ये नीट बसवलेला असेल तर. म्हणजे समोरून पाण्याचा जोरदार फवारा चालेल. आणि या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल, अर्धा तास, पण तेही गोडंच. खाऱ्या वाऱ्याबद्दल त्या आकड्यात अवाक्षर नाही. त्यासाठी मिठाच्या धुक्याची वेगळी चाचणी असते, 'एएसटीएम बी ११७'. तिचा उल्लेख असेल तरच खारं हवामान धरून वस्तू बनवली म्हणायचं.

आता माझा गुन्हा. सेटच्या मागचा कप्पा आम्ही नांगराचा ओला दोर टाकायला वापरतो. त्यात मी सहाशे रुपये वाचवायला गाडीची साधी तांब्याची वायर ओढलेली, जोड पिळून वर चिकटपट्टी. लाल आणि काळी वायर जेमतेम काळवंडलेल्या, पिवळीचा मात्र हिरवा चुरा झालेला. कारण पिवळी थेट बॅटरीला, चोवीस तास चालू. खारी ओल आणि त्यातून सतत वीज, मग तांबं राहतंय कशाला? हे सगळं मी केलं होतं ते घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. रेडिओ आजवर एकदाही लावलेला नाही.

आतला बोर्ड साफ करून सेट आठशे रुपयांत जिवंत झाला. नवीन वायर कल्हई केलेली, प्रत्येक तार रुपेरी. जोडांवर आत डिंक असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी. प्लगला ग्रीस. वायर सेटपर्यंत थेट न नेता खाली झोळ देऊन वर, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाशी गळून पडतं. फ्यूज बॅटरीला लागून, पिवळी मुख्य स्विचमागे. दोराला वेगळी पिशवी. जानेवारीअखेरपासून एकदाही आवाज तुटलेला नाही. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसतो, पाइपचा फवारा मारत नाही.

स्पीकरबद्दल तक्रार शून्य. जाळी उन्हाने पिवळी पडलीय एवढंच. फक्त बसवताना त्यांचं चुंबक होकायंत्रापासून लांब ठेवा. मी आधी शेजारी ठेवून पाहिलं, काटा लगेच भरकटला.

घ्यावा का? घ्या, पण वायरीचे पैसे आधी बाजूला काढा आणि सेटमागचा कप्पा कोरडा ठेवा. कंपनीवरचा माझा राग अर्धा उतरलाय. उरलेला अर्धा त्या झाकणाचा आहे. परवा सेट काढून जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटात ठेवला, ट्यूबचा तुकडा तसाच घट्ट बसलेला होता.