जुन्या दुनळीसाठी तालुक्यातलं दुरुस्तीचं दुकान

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात वारसाने आलेल्या, परवान्यावरच्या जुन्या दुनळी बंदुका अजून आहेत, कुठे कुठे ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्याही. त्या दुरुस्तीला द्यायच्या तर तालुक्याच्या बाजारातलं हे परवानाधारक दुकान डोळे मिटून निवडावं. मुख्य कारण म्हणजे नको ते काम हे लोक हातातच घेत नाहीत.

उदाहरणार्थ कास्टिकचं गरम ब्लूइंग, म्हणजे नळीला निळा-काळा रंग चढवणं. जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेली असते. उकळतं कास्टिक तो डाख खातं, पट्टी सुटते, आत अडकलेले क्षार गंज धरतात. इथे जुन्या पद्धतीने हलका गंज चढवून नळी पाण्यात उकळतात, मऊ तारेच्या ब्रशने घासतात आणि रंग बसेपर्यंत हेच करत राहतात. वेळ लागतो, पण लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळीची नक्षी उठून दिसते.

बंदूक घेतानाची तपासणी पाहण्यासारखी. ठासणीच्या नळीत गज तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करतात, मग खूण तोंडाशी धरून तोच गज बाहेरून नळीला लावतात. गजाचं टोक निपलच्या (जिथे टोपी बसते त्या बोंडाच्या) चार बोटं अलीकडेच संपलं, तर आत बार भरलेला आहे असं समजून पुढचं काम. दुनळीचं पुढचं लाकूड काढूनच नळ्यांचा सांधा हलवून बघतात, कारण त्या लाकडाची स्प्रिंग ढिलाई लपवते. नळ्या टांगून टिचकी मारली की खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आला तर पट्टी कुठेतरी सुटलेली आहे.

चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, मोजून चिठ्ठीवर लिहून देतात, हे फार मोलाचं. जुन्या इंग्रजी बारा बोअरचं चेंबर बहुधा 65 मिमी असतं. त्यात 70 मिमीचं काडतूस सहज बसतं, कारण ती लांबी उडालेल्या काडतुसाची असते. उडताना तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळीवर फक्त काळ्या दारूच्या प्रूफचा (दाब-चाचणीचा) शिक्का असेल, तर नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूचं काडतूस वापरूच नका असं ते स्पष्ट बजावतात.

लाकूडकाम मात्र कमी पडतं. फुटलेल्या अक्रोडी दस्त्याला सागवानाचा तुकडा जोडतात. साग रेषेत चिरतो आणि अंगच्या तेलकटपणामुळे त्यावर जवसाचं तेल नीट सुकत नाही. शिसम मागून घ्या. तेलही पक्कंच लावायला सांगा, कच्चं जवस कित्येक दिवस चिकट राहतं.

काळी दारू उडवली की नळी त्याच दिवशी कढत पाण्याने धुवा. तिची राख ओल ओढते, नुसत्या तेलाने तिचे क्षार विरघळत नाहीत. पावसाळ्यात एका रात्रीत नळी तांबडी होते. दसऱ्याच्या पूजेचं ओलं कुंकूही चापाच्या कडीखाली राहू देऊ नका, तिथे हमखास खड्डे पडतात.

बंदूक देताना मूळ परवाना दाखवा, नंबर टाकलेली पावती घ्या. दसऱ्याआधी गर्दी असते, म्हणून पोळ्याच्या आधीच नेऊन टाका.