सक्तीचं टू स्टेप व्हेरिफिकेशन: आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, मी सिक्युरिटीच्या विरोधात नाही. सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, आणि गिऱ्हाइकांच्या फायली, जीएसटीचं, बँकेचं सगळं एका मेलवर चालतं, त्यामुळे ते अकाउंट भलत्याच्या हातात गेलं तर काय होईल हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण नोव्हेंबरपासून हे टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आणखी एकदा खात्री करून घ्यायची पायरी, माझ्या गळ्यात मारलंय आणि आठ महिने निमूट वापरलंय, तेव्हा आता थोडं बोलतो.

सुरुवात अशी झाली की मेलवाल्यांचा निरोप यायला लागला, सुरक्षिततेसाठी दुसरी पायरी चालू करा म्हणून. खाली दोन बटणं, ‘आत्ता करा’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ असं बटणच नाही. घरी येऊन बसलेला विमा एजंट कसा ‘नको’ हा शब्द ऐकतच नाही, तसंच. मी वीसेक दिवस ‘नंतर’ दाबत राहिलो, मग एका सकाळी ‘नंतर’ पण गायब. समोर गिऱ्हाईक बसलेलं, मुंजीच्या पत्रिकेचं फायनल प्रूफ मेलमध्ये, आणि स्क्रीन म्हणतेय आधी नंबर व्हेरिफाय करा. केलं. मग पुढच्या दोन महिन्यात एकाचं बघून दुसरा असं करत क्लाउड, डिझाइनचं सॉफ्टवेअर, इतकंच काय कलर प्रिंटरच्या ॲपनेसुद्धा तेच चालू केलं. प्रिंटर चोरून माझ्या शाईत कोण काय छापणारे देव जाणे.

पैशाच्या बाबतीत माझी तक्रार नाही बरं का. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी पायरी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासूनच सक्तीची केलीये, तेव्हा बाहेरच्या देशात नुसत्या कार्डाच्या नंबरवर पैसे जात होते, आपल्याकडे नाही. ते बरोबरच होतं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात हे सगळ्यांना पटतं, मोरीच्या दाराला दोन कुलपं लावली की चीड येते.

चांगलं काय ते पण लिहितो. जानेवारीत पहाटे पावणेचारला फोन वाजला, स्क्रीनवर प्रश्न, ‘तुम्हीच लॉगिन करताय का?’ गाव भलतंच. ‘नाही’ दाबलं आणि उठून बसलो, कारण माझा पासवर्ड दहा वर्षं जुना आणि चार ठिकाणी तोच, म्हणजे तो कुठूनतरी फुटला होता आणि त्या रात्री नुसत्या पासवर्डवर भिस्त असती तर दुकान गेलंच होतं. त्याचे मार्क पूर्ण देतो. पण तोच प्रश्न पुढच्या वीस मिनिटात सात वेळा आला आणि सातव्या वेळी झोपेत अंगठा ‘होय’कडे चाललेला मी स्वतः पाहिलाय. 2022 च्या सप्टेंबरात उबरमध्ये घुसणाऱ्याने हेच तर केलं, एका कंत्राटी माणसाला मंजुरीचे निरोप पाठवत राहिला, शेवटी त्याने एक मंजूर करून टाकला. आता बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘होय’ चालत नाही, स्क्रीनवरचा आकडा फोनमध्ये टाकावा लागतो, ती सुधारणा मला आवडली.

आता खरी भानगड, एसेमेसची. माझी आई गावी असते, संगमेश्वर तालुक्यात, आणि तिचं लाइट बिल, बाबांच्या मागची पेन्शन, तिचा मेल, फोनचं रिचार्ज, हे सगळं मी सांगलीत बसून बघतो. कोड जातो तिच्या फोनवर. तिच्या घरात रेंज फक्त पडवीच्या उजव्या खांबापाशी, तिथेसुद्धा खांबाला टेकून उभं राहिलं तर. म्हणजे मी इथे लॉगिन करायचं, तिला लँडलाइनवर फोन करायचा, तिने फोन ठेवायचा, चष्मा शोधायचा, खांबापाशी जाऊन मेसेज यायची वाट बघायची, परत आत येऊन मला सांगायचं, तोपर्यंत कोडची मुदत संपलेली. मग मी ‘पुन्हा पाठवा’ दाबतो आणि तिकडे एकदम तीन मेसेज पडतात.

“आई, शेवटचा वाच.”

“शेवटचा म्हंजे वरचा की खालचा?”

तिचं पण चुकत नाही हो, यादीत नवीन वर असतं आणि मेसेज उघडला की नवीन खाली जातं. एकदा तिने वरचा वाचला, मग खालचा, मग मधला, आणि तीनदा चुकल्यावर अकाउंटच 24 तासांसाठी बंद झालं. पेन्शनचा कागद हवा होता त्या दिवशीच.

मेसेजवर किती भरवसा ठेवायचा हे तर 8 मार्च 2021 ला अख्ख्या देशाने बघितलंय. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे कंपन्यांचे मेसेज नोंदवलेल्या साच्याशी ताडून बघायला सुरुवात झाली आणि बँकांपासून लसीच्या नोंदणीपर्यंत ओटीपीच अडकले, शेवटी तो नियम सात दिवस स्थगित करावा लागला. शिवाय नंबर काही जन्मभर आपला नसतो, प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो, मग तुमचे कोड त्याच्या खिशात. माझा मावसभाऊ जर्मनीत आहे, तो इथलं सिम निव्वळ ओटीपीसाठी रिचार्ज मारून जगवतो, तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालावं तसं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे, आणि ते मला मार्चमध्ये कळलं. आईला एक फोन आला, गॅसची केवायसी राहिलीये, एक कोड येईल तेवढा सांगा काकू. आणि तिने वाचायला सुरुवात केली! का नाही करणार? आठ-दहा दिवसाआड मीच फोन करून तिला म्हणतो, आई कोड आला असेल तो वाच. सिलेंडर आणणारा पोरगा दारात उभा राहून कोड मागतो. कुरियरवाला मागतो. हे सगळे खरे आणि फोनवरचा तेवढा खोटा, हे तिने कशावरून ओळखायचं? मेसेजमध्ये ‘हा कोड कुणालाही सांगू नका’ असं लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत, आणि ती मराठी सातवी शिकलेली. कोड वाचून दाखवायची सवय चोराने नाही लावली तिला, मी लावली. म्हणजे खरंतर ज्यांनी प्रत्येक घरात प्रत्येक माणूस आपापलं अकाउंट आपणच चालवतो असं धरून ही व्यवस्था बनवली, त्यांनी लावली, मी फक्त हमाल.

वाचली कशी माहितीये? चौथ्या आकड्यावर तिला नीट दिसेना म्हणून दुसरा चष्मा आणायला ती खांब सोडून घरात गेली आणि फोन कट झाला. ज्या रेंजला मी महिनोन् महिने शिव्या घातल्या तिनेच वाचवलं. नंतर तिने मला लँडलाइनवरून विचारलं, अरे गॅसच्या मेसेजमध्ये बँकेचं नाव कशाला असतं रे. माझे हातपाय गार पडले.

दुसरा दणका जूनमध्ये. दुकानातून घरी येताना धो धो पाऊस, फोन शर्टाच्या खिशात, घरी येईपर्यंत गेला. दुरुस्तीवाला म्हणाला बोर्ड गेलाय, राहू दे. बरं, मी हौसेने ईसिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम, करून घेतलेलं, त्यामुळे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सोयच नाही. गॅलरीत गेलो, अंगठा दिला, नवीन सिम मिळालं, आणि तिथली मुलगी म्हणते, सर, 24 तास मेसेज येणार नाहीत. हा दूरसंचार खात्याचा नियम आहे, सिम बदलून दुसऱ्याचे ओटीपी पळवणाऱ्यांसाठी केलेला, आणि चांगलाच आहे, पण त्या 24 तासात मी चोरच होतो ना सगळ्यांच्या लेखी. मेल म्हणतो, तुमच्या जुन्या फोनवर विचारलंय, तिथे ‘होय’ दाबा. जुना फोन तांदळाच्या डब्यात.

ऑथेंटिकेटर ॲप होतं, ते पण त्याच फोनमध्ये. एरवी हे ॲप मला सगळ्यात आवडलेलं. क्यूआर स्कॅन करताना एक गुप्त की फोनमध्ये उतरते आणि ती की आणि घड्याळातली वेळ यांचं गणित करून दर 30 सेकंदांनी सहा आकडे निघतात, नेट लागत नाही, सिम लागत नाही, आंबा घाटात रेंज शून्य असताना पण कोड हजर. पण की फोनमध्ये, फोन मेला की की मेली, तुम्ही आधी कुठे उतरवून ठेवली नसेल तर. राहता राहिले ते बॅकअप कोड, म्हणजे फोन नसला तर वापरायचे आधीच काढून ठेवलेले कोड, दहा होते, मी शहाण्यासारखे जपून ठेवलेले. कुठे? त्याच मेलच्या क्लाउडमध्ये. हसा.

रिकव्हरीचा फॉर्म भरला, अकाउंट कधी उघडलं होतं विचारतात, आता 2009 की 2010 कोणाला आठवतंय. सहा दिवस गेले. त्या सहा दिवसात एक साखरपुडा आणि एक वास्तुशांत दुसऱ्या दुकानात गेली.

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. बॅकअप कोड छापले, लॅमिनेट केले (दुकान आपलंच), एक प्रत कपाटात, एक आईकडे रेशनकार्डाच्या पिशवीत. ऑथेंटिकेटरच्या कीज पोराच्या जुन्या टॅबवर पण चढवल्या. पहिल्या दिवशी टॅबचे सगळे कोड चुकीचे यायला लागले, डोकं खाल्लं, मग लक्षात आलं की त्याचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे. ऑटोमॅटिक वेळ चालू केल्यावर चालायला लागलं. ज्या ज्या ठिकाणी जमलं तिथे एसेमेस काढून टाकला. आईसाठी पासकी करून बघितली, म्हणजे पासवर्ड आणि कोडऐवजी फोनचं कुलूप बोटाने किंवा पिनने उघडलं की लॉगिन, कारण पासकी फोनवर कोणाला वाचून दाखवता येत नाही, तिचा मोठा फायदाच तो. पण जन्मभर शेतात आणि चुलीपाशी काढल्यामुळे आईच्या बोटांचे ठसेच सेन्सर घेत नाही, शेवटी पिन ठेवला आणि तो तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, मोठ्या अक्षरात.

पाचपैकी तीन तारे. एक पहाटे पावणेचारचा, दोन ऑथेंटिकेटरचे. सक्ती, एसेमेस आणि रिकव्हरी यांना काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत 1 एप्रिल 2026 ही तारीख देऊन एसेमेसशिवायच्या दुसऱ्या पद्धतींना वाट करून दिलीये, त्याचा आमच्या पडवीपर्यंत काय उजेड पडतो ते बघू. मला एवढंच हवंय की आईच्या अकाउंटवर मी तिचा माणूस म्हणून माझ्या फोनने माझं नाव लावून आत जावं. अशी सोय फार कमी ठिकाणी दिसली.

त्या गॅसवाल्या फोननंतर आईने मात्र स्वतःचंच काहीतरी चालू केलंय. मी कोड मागितला की आधी ती मला प्रश्न विचारते, आवाज ओळखीचा असला तरी. परवा लाइट बिल भरायचं होतं, म्हणाली, सांग, तांबूच्या आधी आपल्याकडे गाय होती तिचं नाव काय. मला काय आठवेना. म्हटलं आई मीच आहे गं. “मग सांग की,” आणि ठेवला फोन. दादाला फोन लावून कपिली हे नाव मिळवेपर्यंत कोड एक्स्पायर झाला होता.