४०० मिलिचा स्प्रे कॅन: दाराला पास, बॉनेटला काठावर, टपाला नापास

जुनी मारुती ८०० घरीच चकाचक करायची म्हटलं की लोक आधी रंगाचे कॅन आणतात. आधी रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून चमकवायच्या पेस्टचा, डबा आणा. पांढऱ्या गाडीच्या एका कोपऱ्यावर ओल्या फडक्याने तो घासून पाहा. फडकं पांढरं झालं, तर वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही, नुसता रंग आहे. वरचा उन्हाने मेलेला थर निघाला की खालून चमक येते आणि निम्म्या गाडीला कॅन लागतच नाही. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगावर मात्र क्लिअरचे पापुद्रे सुटले असतील, तर कोणतंही पॉलिश घासा, व्यर्थ आहे.

आता कॅन. रंग कोडनेच मागवा. मारुतीचा सुपीरियर व्हाइट म्हणजे २६यू. तरीही शेजारच्या पिवळटलेल्या पत्र्याशी तो जुळेलच असं नाही. म्हणून आधी शेजारचा भाग कंपाउंडने घासा, मग शेड ताडून बघा.

एका दाराला एक कॅन पुरतो. बॉनेटला दोन धरा, शिवाय प्रायमरचा वेगळा. गंज असेल तिथे ८० नंबरच्या सँडपेपरने उघडा पत्रा दिसेपर्यंत घासायचं. गंजावर लांबी (पुट्टी) भरली तर पावसाळ्यात तिथेच फुगवटा येतो. लांबीत हार्डनर, म्हणजे ती कडक करणारं रसायन, साधारण २ टक्के. जास्त घातला की पत्र्यावर ओढायच्या आत दगड होतो. मग ३२० ने सपाट करून प्रायमर, आणि प्रायमरवर पाणी लावून ६०० किंवा ८००.

फवारताना अंतर २० ते २५ सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, रंगाच्या दोन हातांमध्ये (थरांमध्ये) १०–१५ मिनिटं थांबायचं. तीन-चार पातळ हात. एकाच हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. लांबून मारलं की रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. डॅशबोर्डच्या सिलिकॉन पॉलिशचा हात पत्र्याला लागला असेल तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आणि कोकणातल्या जुलैत हे काम काढूच नये. दमट हवेत ताज्या रंगावर पांढुरकी झाक येते.

साध्या कॅनची खरी कमजोरी पेट्रोल. हार्डनर नसलेला रंग सुकल्यावरही पेट्रोलने विरघळतो, त्यामुळे टाकीच्या झाकणाभोवती तो मारणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे बुडाची कळ दाबून हार्डनर मिसळायचा टू-के (दोन घटकांचा) क्लिअर घ्या. कळ दाबली की तो त्याच दिवशी संपवावा लागतो. त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं: साधा कापडी मास्क चालत नाही, सेंद्रिय बाष्पाचा फिल्टर असलेला मास्क हवा, आणि जागा उघडी.

टपासाठी मात्र कॅन नकोच. एवढ्या सपाट, मोठ्या पत्र्यावर बोटभर नोझलचे पट्टे उन्हात उठून दिसतात. तिथे कॉम्प्रेसर आणि गनवाला पेंटरच बोलवा.

साध्या कॅनचा रंग दोन आठवडे तरी न घासलेला बरा. आणि घासताना घरातल्या ग्राइंडरला फोमचा पॅड लावू नका. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर रंग जळतो, कडांना तर पत्राच दिसतो. कडांवर मास्किंग टेप, वेग कमी करता येणारं पॉलिशर, नाहीतर सरळ हात. कॅन उरला तर उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत फवारा, म्हणजे नोझल तुंबत नाही.