वास्तव्यासाठी सातारा: पोवई नाक्याच्या अलीकडे की पलीकडे?

घरून काम करता येते, पुण्याशी संबंध तोडायचा नाही, पण पुण्यात राहायचेही नाही, अशा कुटुंबासाठी सातारा कसा आहे, याचे हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगते. मी या शहराला पाचपैकी साडेतीन तारे देईन, आणि ज्यांना उपजीविका सातारा शहरातच शोधायची आहे त्यांच्यासाठी त्यातला एक तारा कमी करेन. येथे औद्योगिक वसाहत आहे, सरकारी कचेऱ्या आहेत, शिक्षणसंस्था आहेत. परंतु त्यांच्या बाहेर पडल्यावर नोकऱ्यांचा बाजार फार लवकर संपतो, आणि म्हणूनच सातारची शिकलेली मुले शिरवळ, पुणे आणि मुंबईच्या दिशेने जात असतात. मिळकत बरोबर घेऊन येणाऱ्याला मात्र हे शहर चांगले सांभाळून घेते. अट एवढीच, की त्याने शहर निवडल्यावर थांबू नये, शहराची बाजूही निवडावी.

आमच्या घरात मी हिशेबाचे काम घरून करणारी, यजमान आठवड्यातून एकदोनदा पुण्याला जाणारे, आणि सासूबाई गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. या तिघांच्या गरजा मांडल्यावर यादीत सांगली आणि सातारा ही दोन नावे उरली. सांगलीची बाजू अजिबात लंगडी नव्हती. जमीन सपाट, सांगली-मिरज-कुपवाड अशी महापालिका, वैद्यकीय सोयींसाठी मिरजेसारखे जुने नावाजलेले केंद्र हाताशी, शिवाय विलिंग्डन आणि वालचंद यांसारखी महाविद्यालये. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर सांगलीच सरस ठरते. आम्हाला अडवले ते कृष्णेच्या पुराने आणि पुण्यापासूनच्या अंतराने. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका पातळी मानतात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तेथे ५७ फुटांच्या वर गेले होते. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही शहराने पूर सोसला. उंचावरच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना घरात पाणी येण्याची भीती नसते, हे खरे आहे. पण बाजारपेठ आणि रस्ते पाण्याखाली असताना आपले घर तेवढे कोरडे राहिले, यात आम्हाला फारसे समाधान दिसले नाही. तुमचे पुण्याला जाणे-येणे नसेल आणि घरात नियमित औषधोपचार चालू असतील, तर माझा कौल वाचूनही सांगलीच निवडावी.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतरंडीवर वसलेले आहे, ही गोष्ट नकाशात कळत नाही आणि पिंडऱ्यांना मात्र पहिल्याच संध्याकाळी कळते. छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वाढलेले जुने शहर पश्चिमेला आहे. राजवाडा, मोती चौक, पेठांची दाटी आणि पुढे समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे चढत जाणारा रस्ता, असा त्याचा पसारा आहे. राजवाड्यापासून पोवई नाका या मोठ्या चौकापर्यंत वरचा आणि खालचा असे दोन रस्ते जवळजवळ समांतर येतात आणि बहुतेक सगळे व्यवहार याच दोन रस्त्यांवर किंवा त्यांना जोडणाऱ्या उतारांवर होतात. नाक्याच्या पूर्वेला सदर बझार, गोडोली, विसावा आणि महामार्गाकडे पसरलेल्या वसाहती आहेत. तेथे रस्ते रुंद, इमारतींना लिफ्ट, गाड्या लावायला जागा. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी आणि विलासपूरसारखा भागही नगरपालिकेत आला, त्यामुळे कागदोपत्री शहर मोठे झाले. सोयी मात्र त्यामागून आपल्या गतीने चालत येत आहेत.

या दोन बाजूंमधला खरा फरक पाण्याचा आहे, आणि घर शोधणाऱ्यांपैकी फार थोडे लोक त्याविषयी विचारतात, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहिते. पश्चिमेकडच्या जुन्या भागाला नगरपालिका कास तलावाचे पाणी देते. हा तलाव शहराच्या बराच वर, पठारावर असल्यामुळे पाणी उताराने, पंपाशिवाय खाली येते, आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही व्यवस्था आजही शहराचा मोठा आधार आहे. अलीकडे धरणाची उंची वाढवून साठाही वाढवण्यात आला आहे. त्याच्या जोडीला उरमोडी धरणावरची शहापूर योजना आहे. ते पाणी मात्र उपसून आणावे लागते, म्हणजे वीज गेली किंवा पंप बिघडला की त्या योजनेवरच्या पेठांत खोळंबा होतो. पूर्वेकडच्या बऱ्याच वसाहतींना राज्य शासनाचे जीवन प्राधिकरण कृष्णेचे पाणी देते, तेही उपशाचेच. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका घरी हंडे भरून वाहत असतात आणि दुसऱ्या घरी टँकरवाल्याला फोन चाललेला असतो, त्याचे कारण हे आहे. उन्हाळ्यात कासवर अवलंबून असलेल्या भागालाही आठवड्यातून एखादा दिवस पाण्यावाचून काढावा लागतो. तरीसुद्धा दोन्हींत निवड करायची झाली तर उताराने येणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास अधिक आहे.

घर पाहायला गेलो तेव्हा मी सवयीने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहत होते. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नळ काय बघताय वहिनी, पाणी सकाळचं येतंय. टाकी केवढी हाय ते बघा आधी." मग त्यांनी आम्हाला जिन्याखालची फरशी उचलून जमिनीतली टाकी दाखवली, आत बॅटरीचा उजेड पाडला आणि पाणी एक दिवस चुकले तरी ही टाकी कशी पुरते, हे माणसे मोजून समजावून सांगितले. दलालाने दाखवलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये हे कोणी दाखवले नव्हते. तेथे आम्हाला गॅलरीतून दिसणारा अजिंक्यतारा दाखवण्यात आला होता. साताऱ्यात घर पाहताना गच्चीवरच्या टाकीइतकीच जमिनीतली टाकी, पाण्याची वेळ आणि पाणी कोणत्या योजनेचे, या तीन गोष्टी विचाराव्यात. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर डोंगराचे दर्शन कितीही सुरेख असले तरी घर सोडून द्यावे.

आम्ही जुन्या भागात, पण चढाच्या खालच्या टोकाला, तळमजल्यावर घर घेतले. सासूबाईंना मंडई आणि देऊळ सपाटीने चालत गाठता यावे, हा त्यातला हिशेब होता आणि तो जमला. भाडे आम्ही कोथरूडमध्ये देत होतो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्याची किंमत म्हणजे गाडी घरासमोर लावता येत नाही. ती दोन गल्ल्या सोडून लावावी लागते आणि गणपतीच्या दिवसांत तीही जागा जाते. घरून काम करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की वळवाच्या पहिल्या सरीबरोबर येथे वीज हमखास जाते. इंटरनेट चांगले आहे, परंतु इन्व्हर्टर नसेल तर त्या चांगुलपणाचा ऐन वेळी काही उपयोग नाही.

सामान हलवण्याच्या सेवेबद्दल मात्र तक्रार आहे. पुण्याच्या एका वाहतूक कंपनीला आम्ही गल्लीच्या तोंडाचे छायाचित्र आगाऊ पाठवले होते, तरी त्यांनी मोठा ट्रक पाठवला. तो गल्लीच्या अलीकडेच अडकला, मागे रिक्षांची रांग लागली आणि चालकाने तेथेच उतरून, एवढ्या अंतरावरून सामान नेण्याचे पैसे वेगळे पडतील, असे जाहीर केले. लोखंडी कपाट दोघा हमालांनी पाठीवर दोर घेऊन चढावरून आणले, तेव्हा शेजारच्या घरातून एक काका न बोलावता आले आणि वळणावर कपाटाचा कोपरा भिंतीला घासू नये म्हणून गोणपाट धरून उभे राहिले. कंपनीने नंतर जादा रकमेची पावतीही दिली नाही. पेठेत येणाऱ्यांनी लहान टेंपोच ठरवावा, चढ-उताराची हमाली कराराच्या कागदावर लिहून घ्यावी आणि दर तोंडी ठरवू नये. दलालांचे म्हणाल तर एका महिन्याचे भाडे ते सरळ मागतात. घासाघीस केली तर थोडे खाली येतात. पण अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करून देण्याचे काम त्यात धरलेले आहे की नाही, हे आधी विचारले नाही, तर त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात.

प्रवासाची बाजू समाधानकारक आहे. पुणे सुमारे ११० किलोमीटर आहे आणि एसटीच्या स्वारगेट-सातारा विनाथांबा गाड्या इतक्या नियमित सुटतात, की यजमान वेळापत्रक पाहायचे आता विसरले आहेत. खिडकीवर तिकीट काढायचे आणि रांगेतली पुढची गाडी पकडायची. कसोटी लागते ती खंबाटकी घाटात. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, की महाबळेश्वर-पाचगणीला निघालेली पुणेरी आणि मुंबईकर वाहने घाटात आणि टोलनाक्यांवर दाटतात, आणि दोन-अडीच तासांचा प्रवास किती ताणला जाईल याचा नेम राहत नाही. रेल्वेचा उपयोग मात्र अपेक्षेपेक्षा कमी होतो. कोयना आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस येथे थांबतात, सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारतही थांबते. परंतु स्थानक माहुलीकडे, शहराबाहेर आहे. तेथून घरी यायला रिक्षा करावी लागते, आणि मीटरने येणारी रिक्षा मला अद्याप भेटलेली नाही. पोवई नाक्यावर २०२१ मध्ये भुयारी मार्ग खुला झाला, त्याने वाहनांची कोंडी बरीच सुटली. नवख्या माणसाला त्याचे कोणते तोंड कुठे निघते हे उमगायला वेळ लागतो आणि एकदा चुकीच्या तोंडातून आत शिरले की निमूटपणे दुसऱ्या टोकाला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते.

शाळा-महाविद्यालयांबद्दल फार लिहीत नाही, कारण आमच्या घरात आता शिकणारे कोणी नाही. रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय आणि १९६१ पासूनचे सैनिक स्कूल ज्या गावात आहे, तेथे शिक्षणाची परंपरा आहे हे निराळे सांगायला नको. वैद्यकीय सोयींबाबत मी एवढेच म्हणेन, की नेहमीच्या दुखण्याला चांगले डॉक्टर आहेत, काही वर्षांपूर्वी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पण मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली, की लोक अजूनही कराड किंवा पुण्याचे नाव घेतात. ज्यांच्या घरी हृदयरोगी आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता पावसाविषयी. महाबळेश्वर जवळ म्हणून सातारकर भिजतच असतील, ही पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांची समजूत खोटी आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस येथे पोहोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो. तरी जुलैमध्ये जुन्या घरांच्या भिंतींना ओल धरते, कपडे वाळता वाळत नाहीत आणि बोगद्याच्या बाजूला धुके गल्लीत उतरते. घर पाहायला डिसेंबरात येऊ नये. त्या दिवसांत येथले कोणतेही घर चांगले दिसते. जुलैत यावे, भिंतीला तळहात लावून पाहावा आणि कपाटामागचा कोपरा मुद्दाम तपासावा. पावसाळ्यातल्या या त्रासाची भरपाई उन्हाळ्यात होते. दुपार पुण्यासारखीच तापते, परंतु सूर्य कलला की डोंगराकडून वारा सुटतो आणि राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर अर्धे शहर खायला बाहेर पडते. सप्टेंबरात कासची फुले पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या समर्थ मंदिराच्या रस्त्यावर उभ्या राहतात, तेवढे दिवस त्या बाजूला राहणाऱ्यांनी दूध सकाळी लवकर आणून ठेवलेले बरे. पाहुण्यांना कंदी पेढे न्यायला आवडतात. आम्ही स्वतः ते आता क्वचितच खातो.

राहता राहिला प्रश्न घर विकत घेण्याचा. यवतेश्वर आणि कासच्या रस्त्याला, तसेच महामार्गालगत, गुंठ्यांच्या हिशेबाने जमिनी दाखवणारे फलक पुष्कळ आहेत, आणि पुण्याच्या दरांना सरावलेल्या डोळ्यांना ते दर फुकट वाटतात. सातबारा आणि बिगरशेती आदेश हातात घेऊन वकिलाला दाखवल्याशिवाय तेथे इसारसुद्धा देऊ नये. आम्हाला दाखवलेल्या एका जागेवर पाण्याची सोय काय, असे विचारल्यावर "कास जवळच आहे की" एवढेच उत्तर मिळाले होते. आमचा भाडेकरार लवकरच संपतो आहे. घरमालकीणबाईंशी नूतनीकरणाचे बोलणे झाले आहे, खरेदीचा विचार मात्र आणखी एक पावसाळा काढल्यावर करू, आणि केला तरी तो पोवई नाक्याच्या पश्चिमेलाच, तळमजल्याला आणि जमिनीतली टाकी असलेल्या घराचाच असेल.