मोडी लिपीचा शनिवार-रविवार वर्ग: शिकवणं चांगलं, वही त्याहून चांगली

पेठेतल्या या वर्गाचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. फी माफक, सर गप्पिष्ट, पण विषयाला पक्के. बाराखडी, जोडाक्षरं, बोरू कसा धरायचा, हे सगळं नेहमीसारखंच. वेगळी निघाली ती वही.

पहिल्याच दिवशी सर डाव्या पानावर एक ओळ लिहायला लावतात: काय शिकायचंय? ती खोडायची नाही. विचार बदलला की तिच्याखाली तारीख घालून नवी ओळ लिहायची आणि का बदलला तेही. माझी पहिली ओळ, ‘पणजोबांचं खरेदीखत वाचायचं.’ अक्षरं बसली तरी खत काही लागेना. मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि तिच्याखाली सलग लिहीत सुटतात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडायचा हे कळायला मजकुराची वळणं ठाऊक हवीत. म्हणून दुसरी ओळ, ‘खतात ठरावीक काय काय येतं ते आधी पाठ करायचं.’

त्याने वेग आला खरा, पण डोळा जे अपेक्षित तेच वाचायला लागला. सर नुसतं विचारत, “हे दिसतंय, की असणार म्हणून वाचलंत?” त्यातून तिसरी ओळ आली: ‘अंदाजाचा शब्द पेन्सिलीने लिहायचा.’ तिन्ही ओळी एकाखाली एक वाचताना वाटतं, परीक्षेच्या गुणांतून हे कधीच दिसलं नसतं.

आता तक्रारी. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडीला गर्दी आहे. सगळ्यांच्या वह्या बघायला सरांना वेळच उरत नाही. झेरॉक्स इतक्या फिक्या की बोरूची जाड-बारीक रेघ कळत नाही. जुन्या कागदांवरची कालगणना तर शेवटच्या तासात कोंबली. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ हे अरबी आकडे, म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, अर्थात शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत वापरलेलं वर्ष) ११७१. तो मृगाला सुरू होतो, म्हणून ५९९ मिळवून इ.स. १७७० चा जून ते पुढचा मे. हे इतकं रंजक प्रकरण, त्याला निदान दोन तास द्यायला हवे होते.

तरी जा. पुढच्या बाकावर बसा, मागून फळा दिसत नाही, आणि तास संपल्यावर वही स्वतःहून सरांपुढे धरा.